जुन्या घराचं वायरिंग आणि सारखा पडणारा आरसीसीबी: कामाच्या नोंदी

९ जून

घर दोन मजली, भिंतीतलं वायरिंग जुनं, मेन बोर्ड मात्र नवीन. बोर्ड बदलताना खालच्या मजल्याला एक आणि वरच्या मजल्याला एक असे दोन आरसीसीबी (करंट कुठे गळाला की वीज तोडणारे स्विच) बसवले, दोन्ही ३० मिलीअँपिअरचे, आणि तेव्हापासून खालचा मधूनच पडतो. कधी दोन दिवस काहीच नाही, कधी सकाळी लागोपाठ. बाकीच्या तक्रारी पण आहेत, हॉलमधले दोन सॉकेट बंद, वरच्या खोलीतला पंखा पाचवर ठेवला तरी रेंगाळतो, एक एलईडी बल्ब स्विच बंद केला तरी मिणमिणत राहतो, आणि बाथरूमबाहेरच्या गिझरच्या प्लगजवळ जळका वास येतो.

सगळ्यांचा सल्ला एकच, आरसीसीबी खराब निघालाय, बदलून टाक, नाहीतर काढूनच टाक आणि डायरेक्ट जोड. काढणार नाही हे आधीच ठरवलं. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबीच आहे. माणसाच्या अंगातून ३० मिलीअँपिअर जमिनीत गेले तर १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजने किती करंट गेला आणि न्यूट्रलने किती परत आला एवढंच बघतो आणि फरक पडला की तोडतो. त्यामुळे तो पडतोय म्हणजे करंट कुठेतरी दुसऱ्या वाटेने जातोय, आणि ती वाट शोधणं हेच खरं काम.

साधनं: डिजिटल मल्टिमीटर, टेस्टर, सिरीज बल्ब (साधा फिलामेंटचा, होल्डरला दोन वायरी), हेडलॅम्प, चांगले स्क्रूड्रायव्हर. मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचा मीटर, एका ओळखीच्या वायरमनकडून उसना मिळणार आहे.

१० जून

मेन बंद केला, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही शून्य आहेत बघितलं आणि मगच बोर्डाचं झाकण काढलं. मीटर आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद लाइनवर, मग परत चालू लाइनवर. नाहीतर मीटरची बॅटरी गेलेली असते आणि आपण शून्य बघून खूश होतो.

आत बरेच स्क्रू ढिले होते. न्यूट्रल बारचा (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीचा) एक स्क्रू तर अख्खा एक फेरा फिरला. सगळे घट्ट केले, कुठली वायर कुठे जाते ते कागदावर काढलं, फोटो घेतले. हा कागद पुढे इतक्या वेळा लागला की कुणी हे काम काढणार असेल तर पहिला तास त्यातच घालवा.

मग आरसीसीबीचीच परीक्षा. टेस्ट बटण दाबलं, दोन्ही पडले. पण त्या बटणावरून आतली यंत्रणा हलते एवढंच कळतं. म्हणून वरचा खाली आणि खालचा वर लावला, रेटिंग सारखंच होतं. आता दोष आरसीसीबीत असेल तर ट्रिपिंग वर जाईल, वायरिंगमध्ये असेल तर खालीच राहील. नवीन विकत घेण्याच्या आधी ही अदलाबदल करून बघाच, फुकट आहे.

रात्री परत खालचाच पडला. म्हणजे आरसीसीबी निर्दोष.

१२ जून

हॉलचे बंद सॉकेट. टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत पेटतो. यावर "दोन्हीकडे फेज आलाय" असं म्हणतात, पण बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो. त्याच लाइनवर कुठेतरी एखादं उपकरण चालू राहिलेलं असतं, फेज त्यातून पलीकडे न्यूट्रलच्या वायरमध्ये येतो, आणि परत जायला वाट नाही म्हणून तिथेच थांबतो. खात्री करायची तर त्या लाइनवरचं सगळं काढून ठेवायचं, मग दुसऱ्या भोकातला टेस्टर विझतो. इथे टीव्हीचा सेट टॉप बॉक्स लावलेला होता, तो काढल्यावर विझला.

सर्किट बंद करून जो सॉकेट चालतो आणि त्याच्यापुढचा जो बंद आहे, त्या दोघांच्या मधला जंक्शन बॉक्स उघडला. न्यूट्रलच्या तीन वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या, टेप वाळून तिचा पापड झालेला, तांबं काळं पडलेलं. काळा भाग कापून लखलखीत तांबं येईपर्यंत मागे गेलो आणि स्क्रूचं कनेक्टर लावलं. पिळलेल्या जोडावर फक्त नवीन टेप मारली असती तरी सॉकेट चालू झाले असते, पण तो जोड परत तापलाच असता.

१३ जून

पंखा. आधी रेग्युलेटरवर संशय होता, त्याला बायपास करून बघितलं, फरक शून्य. हाताने फिरवला तर पाती मोकळी फिरतात, म्हणजे बेअरिंग ठीक. मग कंडेन्सर काढला, लिहिलेलं २.५ मायक्रोफॅरड, मीटरवर १.३. कंडेन्सर उतरला की पंखा हळू होतो, खूप उतरला की सुरू व्हायला हाताने ढकलावा लागतो.

तेवढ्याच क्षमतेचा, म्हणजे २.५ मायक्रोफॅरडचाच लावला. जास्तीचा लावला तर पंखा पळतो असं सांगतात, पण वाइंडिंग जास्त तापतं, त्या नादाला लागू नका. काढलेल्या कंडेन्सरची टोकं हाताळण्याआधी एखाद्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा, पंखा बंद असला तरी त्यात चार्ज राहू शकतो.

या सगळ्या कामांत सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त हेच.

१५ जून

आरसीसीबीसाठी घरात एक वही ठेवली. पडला की वेळ आणि त्या क्षणी काय काय चालू होतं ते लिहायचं. आई नेमाने लिहिते, त्यामुळे काम खूप सोपं झालं.

पण पहिला अर्थ चुकीचा लागला. नोंदींमध्ये दरवेळी फ्रिज होता, म्हणून फ्रिज वेगळ्या लाइनवर लावून ठेवला आणि दोन दिवस त्यातच गेले. फ्रिज दरवेळी असणारच, तो कायम चालू असतो. वही परत नीट वाचली तेव्हा दिसलं की बहुतेक नोंदी अंधार असताना किंवा पहाटेच्या आहेत आणि त्यांत गिझर सुरू करून फार वेळ झालेला नाही. दुपारी जवळपास नाहीच.

१७ जून

मेगर आला. ५०० व्होल्टवर लावायचा, पण आधी सगळी उपकरणं प्लगमधून काढायची, बल्ब काढायचे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्शन वगैरे सगळं सुटं करायचं, नाहीतर ५०० व्होल्टने ते जातात. मग एकेका सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थच्या विरुद्ध मोजायचं. १ मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट नापास.

न्यूट्रलही सोडवून मोजायचा हे महत्त्वाचं. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल बारला जोडलेलाच राहतो. त्यामुळे एखाद्या सर्किटचा न्यूट्रल कुठे अर्थला टेकत असेल तर त्याचा एमसीबी बंद करूनही आरसीसीबी पडू शकतो, आणि "सगळे एमसीबी खाली केले तरी पडतो" म्हणून माणूस चक्रावतो.

खालची सगळी सर्किट ५० मेगओहमच्या वर. वायरिंग जुनं असूनही इन्सुलेशन चांगलं निघालं. मग उपकरणं एकेक करून प्लगवर मोजली, फेज-न्यूट्रलच्या पिना एकत्र करून अर्थच्या पिनेविरुद्ध, उपकरणाचा स्वतःचा स्विच चालू ठेवून. फ्रिज पास, वॉशिंग मशीन पास. गिझर ०.०२ मेगओहम.

०.०२ मेगओहम म्हणजे २० किलोओहम, २३० व्होल्टला साडेअकरा मिलीअँपिअरच्या आसपास. कॉइलचा रेझिस्टन्स मात्र २६ ओहम, २००० वॅटच्या गिझरला जेवढा हवा तेवढाच. म्हणून पाणी मस्त तापत होतं आणि गिझरवर कुणाचा संशय गेला नाही. कॉइलच्या नळीत वायरभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, बाहेरच्या नळीला बारीक भोकं पडली की ती पूड ओल धरते आणि करंट अर्थकडे झिरपायला लागतो. तापली की थोडी सुकते, म्हणून गिझर लावल्यावर सुरुवातीलाच जास्त गळती. वहीशी जुळलं.

१८ जून

गिझरची कॉइल बदलली. संपूर्ण कामात सगळ्यात महाग वस्तू हीच. जुनी कॉइल क्षाराने पांढरी झालेली, खरवडल्यावर नळीला खड्डे दिसले. आतली मॅग्नेशियमची अ‍ॅनोड दांडी तर फक्त तारेपुरती उरली होती, ती पण नवीन घातली. ती दांडी स्वतः झिजून टाकीला वाचवते, ती संपली की गंज टाकीला आणि कॉइलला धरतो. गॅस्केट जुनंच ठेवायचा मोह होतो, ठेवू नका, गळतं. टाकी पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत स्विच चालू करायचा नाही. कोरडी तापवली तर नवी कॉइल मिनिटांत जाते.

जळक्या वासाचं कारण सॉकेट उघडल्यावर कळलं. फेजच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला, प्लास्टिक तपकिरी, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तुकडे पडत होते. गिझर ८.७ अँपिअर घेतो, जोडात फक्त पाव ओहम रेझिस्टन्स आला तरी त्या एका बिंदूवर १९ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे छोटा सोल्डरिंग आयर्न भिंतीत कायमचा लावून ठेवल्यासारखं. आणि करंट वाढत नाही त्यामुळे एमसीबी यात काहीच करू शकत नाही, आरसीसीबी पण नाही. अशा वेळी नाकच कामाला येतं, वास आला की त्याच दिवशी उघडून बघा.

नवीन १६ अँपिअरचा सॉकेट, प्लगही नवीन. एक काळी पडलेली पिन नव्या सॉकेटचे पत्रे पण खराब करते, म्हणून दोन्ही एकत्रच बदलायचे. वायर २.५ स्क्वेअर एमएमची होती, ती ठीक आहे, जळका भाग कापून परत जोडली.

२१ जून

ट्रिपिंग खूप कमी झालं पण थांबलं नाही. काल संध्याकाळी पडला तेव्हा गिझर बंद होता, त्याचा स्विच पण बंद.

घरातल्यांचं म्हणणं, एवढं झालं तर पुरे, महिन्यातून एखाद वेळ पडला तर उचलून लावू. मला ते पटत नाही. कारण माहीत नसताना आरसीसीबी उचलून लावायची सवय लागली की खरोखर कुणाला शॉक बसून तो पडेल तेव्हाही हात सवयीने तिकडेच जाईल.

२२ जून

आजची नोंद नीट वाचा, कारण यात जिवाला धोका होता.

वरच्या मजल्याच्या बोर्डात काम करायचं म्हणून वरचा आरसीसीबी खाली पाडला. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, म्हणजे वरचं सगळं मेलेलं असायला हवं. तरी नेहमीप्रमाणे मोजलं. फेज ते अर्थ शून्य. न्यूट्रल ते अर्थ २३० व्होल्ट. सिरीज बल्ब लावून बघितलं तर मीटरचा आकडा बऱ्यापैकी कोसळला, पण शून्य झाला नाही, म्हणजे नुसतं भुताचं व्होल्टेज (मीटरला दिसतं पण ताकद नसते असं) नाही, मागे खरी वाट आहे. बंद केलेल्या मजल्याचा अख्खा न्यूट्रल बार जिवंत होता. "न्यूट्रलच आहे" म्हणून बोट लावणारे खूप जण बघितलेत.

जिन्याचा दिवा चालू होता तो वरचा आरसीसीबी पाडल्यावर विझला होता. वरचा लावला, खालचा पाडला. दिवा परत विझला. एकच दिवा दोन्हीपैकी कुठलाही आरसीसीबी पाडला की विझतो, याचा अर्थ फेज एका मजल्याचा आणि न्यूट्रल दुसऱ्या मजल्याचा. जिन्याला खाली एक आणि वर एक असे टू-वे स्विच, खालच्या स्विचला फेज खालून दिलेला, वर दिव्यापाशी जो न्यूट्रल जवळ सापडला तो जोडलेला. वायरिंग केलं तेव्हा अख्ख्या घराला एकच मेन होता, त्यामुळे कित्येक वर्षं दिवा छान चालला. दोन आरसीसीबी आल्यावर खालच्याला दिसतं की दिव्याचा करंट गेला पण परत आला नाही.

उसना लीकेज क्लॅम्प मीटर (वायरी चिमटीत धरून गळती मोजणारा) आणला, खालच्या मेन फेज-न्यूट्रलला एकत्र चिमटीत धरलं. जिन्याचा दिवा बंद असताना ४ मिलीअँपिअर, चालू केला की २५. दिवा छोटा आहे, ३ वॅटचा एलईडी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो, म्हणून कधी पडतो कधी नाही. त्यात गिझरचे साडेअकरा आले की नक्की पडणार. मोठा बल्ब असता तर पहिल्याच दिवशी दिवा लावला की पडला असता आणि सगळा शोध दहा मिनिटांत संपला असता.

वरचा आरसीसीबी का पडत नव्हता हा प्रश्न उरला होता. त्याला तोच करंट उलट्या दिशेने दिसतो, न्यूट्रलने जास्त आला आणि फेजने गेलाच नाही असा. वरच्या उपकरणांची स्वतःची थोडी गळती फेजकडून असते, ती यातून काही अंशी वजा होते. खाली मात्र बेरीज होते.

मेगरमध्ये हे का सापडलं नाही? मेगर वायर ते अर्थ मोजतो आणि इथे अर्थला काहीच टेकलेलं नव्हतं, इन्सुलेशन उत्तम होतं, जोडणी चुकीची होती. मेगर पास झाला म्हणजे आरसीसीबी पडणार नाही असं धरू नका.

२५ जून

दुरुस्ती सांगायला सोपी, खालच्या बोर्डापासून दिव्यापर्यंत एक नवीन न्यूट्रल ओढायचा आणि वरचा सोडवून टाकायचा. ओढायला मात्र पूर्ण दिवस गेला. वायर ओढायची स्प्रिंग पाइपमध्ये अर्ध्यावर अडकली, वळणावर पूर्वी कधीतरी सिमेंट आत गेलंय. जोर केला असता तर आतल्या चालू वायरींचं इन्सुलेशन सोललं असतं. शेवटी टू-वेच्या दोन वायरींपैकी एक सोडवली, तिच्या शेपटीला दोन नवीन वायरी तिरक्या पायऱ्यांनी बांधल्या म्हणजे गाठ जाड होत नाही, टाल्कम पावडर लावली, एकाने वरून ढकलायचं आणि एकाने खालून ओढायचं. एक वायर जुनीच्या जागी, दुसरी नवीन न्यूट्रल. भिंत फोडावी लागली नाही.

जोडल्यावर चाचणी तीच, वरचा आरसीसीबी पाडला, दिवा चालूच. खालचा पाडला, विझला. आणि वरच्या न्यूट्रल बारवर आता शून्य. खालच्या मेनवर दिवा चालू असताना ४ मिलीअँपिअर.

२८ जून

मिणमिणता एलईडी. होल्डरमध्ये स्विच बंद असताना मोजलं तर एका टोकाला अर्थच्या विरुद्ध पूर्ण २३०. स्विच न्यूट्रलमध्ये घातलेला होता, फेज थेट होल्डरला. अशा होल्डरमध्ये स्विच बंद करून बल्ब बदलतानाही शॉक बसतो, त्यामुळे मिणमिण हा नुसता डोळ्यांना होणारा त्रास नाही, ती सूचना आहे. बोर्डात फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली, मिणमिण गेली. मग त्या बोर्डातले बाकीचे स्विच पण तपासले, अजून एक तसाच निघाला, तिथे ट्यूबलाइट असल्यामुळे दिसत नव्हता.

जिन्याचा दिवा मात्र आता किंचित मिणमिणतो. तिथे स्विच फेजमध्येच आहे. मल्टिमीटर ७० व्होल्ट दाखवतो, सिरीज बल्ब समांतर लावला की शून्य. बाजूने लांबवर जाणाऱ्या चालू वायरीतून झिरपलेलं व्होल्टेज, मीटरचा रेझिस्टन्स खूप जास्त म्हणून त्याला दिसतं, पण त्यात ताकद नाही. धोका नाही. दुसऱ्या प्रकारचा बल्ब लावल्यावर दिसेनासं झालं.

२ जुलै

२५ तारखेनंतर आरसीसीबी पडलेला नाही. सगळं चालू ठेवून गळती मोजली, खाली ५, वर ४ मिलीअँपिअर. ३० च्या एक तृतीयांशाच्या आत आहे, म्हणजे अजून एखादं उपकरण आलं तरी जागा आहे. प्रत्येक सॉकेटला फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ व्होल्टेज जवळपास सारखं येतं, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत. बोर्डाच्या झाकणाच्या आत नवा नकाशा चिकटवला, त्यावर जिन्याचा दिवा खालच्या मजल्यावर आहे असं ठळक लिहिलं.

राहिलेलं काम, गच्चीवरच्या दिव्याचा जंक्शन बॉक्स. मेगरला ३ मेगओहम दाखवतो, पास आहे पण बाकीच्यांच्या मानाने कमी, झाकणाचं रबर चिरलंय आणि वायर वरून आत येते त्यामुळे पाणी वायरीवरूनच आत उतरतं. बॉक्स फिरवून वायर खालून घ्यायची आणि आत जाण्याआधी तिला एक खाली लोंबणारा वळसा द्यायचा. तोपर्यंत त्या दिव्याचा एमसीबी बंद करून त्याचा न्यूट्रलही बारवरून सोडवून ठेवलाय.